अडतीस खुर्च्यांना एक विरजण

संध्याकाळी सहा वाजता प्रणिता शेवाळेच्या काखेतला कापूस तोलला जाई.

सकाळी नऊला चिकटवलेल्या त्या दोन पट्ट्या ती पडद्याआड जाऊन स्वतःच सोलून काढी. कातडी ताणली जाई, डोळ्यांत पाणी येई. मग केंद्राचा व्यवस्थापक निनाद कुलथे, तिशीचा, गुळगुळीत चेहऱ्याचा आणि त्याहून गुळगुळीत जिभेचा, रबरी हातमोजे घालून त्या पट्ट्या काचेच्या डबीत ठेवी, डबी यंत्रात सरकवी आणि आकडा पाहून म्हणे, "वा ताई, आज छान ओल आहे." आंब्याची पेटी उघडल्यावर माणूस ज्या कौतुकाने आत बघतो, त्या कौतुकाने हा तिच्या घामाकडे बघायचा. दोन वर्षं झाली होती, तरी त्या क्षणी ती तोंड फिरवून उभी राहायची.

नोकरीच घामाची होती, त्याला कोण काय करणार?

घरून काम करायची लाट येऊन आता वीस वर्षं होत आली होती. कराडसारख्या गावातही इमारतीच्या एकेका मजल्यावर चार बंद दारं आणि प्रत्येक दारामागे पडद्याशी बोलत बसलेला एक माणूस, अशी तऱ्हा झाली होती. पुढे ही माणसं आजारी पडायला लागली. झोप उडाली, छाती धडधडू लागली, कुणाकुणाला तर दूधवाल्यासाठी दार उघडायचीही भीती वाटू लागली. कंपन्यांनी गोळ्या दिल्या, समुपदेशक दिले, तेही पडद्यावरच. गुण आला तो एका साध्याच उपायाने. आपापलं काम घेऊन ही माणसं एका मोठ्या खोलीत एकत्र बसली, की महिन्याभरात बरी व्हायची. कंपन्या वेगळ्या, कामं वेगळी, एकमेकांशी फारसं बोलणंही नाही, तरी बरी व्हायची.

का, ते शोधायला काही संशोधकांनी तीन खोल्या केल्या. पहिलीत माणूस एकटा. दुसरीत माणसं एकत्र. तिसरीतही एकत्रच, पण प्रत्येकाभोवती काचेची पेटी आणि पेटीत स्वतंत्र हवा. तिसऱ्या खोलीतले लोक एकमेकांना बघत होते, बोलत होते, हसतही होते, पण त्यांना काडीचाही गुण आला नाही. म्हणजे औषध बोलण्यात नव्हतं, हवेत होतं. शांत माणसाच्या घामातून काही हलके रेणू उडतात. त्यांना वास असा येत नाही, पण नाकाला ते कळतात आणि नाक मेंदूला सांगतं की आसपास माणसं आहेत, ती घाबरलेली नाहीत, तूही घाबरू नकोस. काळजाचे ठोके उतरतात, मान सैल पडते. घाबरलेल्या माणसाचा घाम नेमकं उलट करतो.

इथवर विज्ञान होतं. पुढचा शोध धंद्याचा होता. हे रेणू सगळ्यांच्या अंगात सारखे नसतात, तीनशेत एखाद्याच्याच अंगी ते भरपूर असतात, असं कळल्यावर 'सोबती' नावाच्या कंपनीने अशी माणसं हुडकून काढली आणि गावोगावच्या आपल्या केंद्रांत एकेक नेऊन बसवली. कंपनीच्या कागदांत या माणसांना मोठं इंग्रजी नाव होतं. केंद्रातले लोक मात्र सरळ 'विरजण' म्हणत. पातेलंभर दुधाला चमचाभर पुरतं, तसं अडतीस खुर्च्यांना एक विरजण.

कराडचं केंद्र साड्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानात होतं. चारी भिंतींना पुरुषभर उंचीचे आरसे तसेच ठेवले होते, त्यामुळे प्रणिताला दिवसभर स्वतःचा चेहरा सगळ्या बाजूंनी दिसे. तिची खुर्ची मधोमध. खुर्चीमागे एक बुटका पंखा, तिच्या अंगावरची हवा हलके हलके सगळ्या दालनात पोचवणारा. अंगाला साबण लावायचा नाही. कांदा, लसूण, हिंग, मासळी खायची नाही. फोन सकाळी कुलथेच्या टेबलावरच्या पेटीत ठेवायचा. दिवसातून दोनदा कंपनीच्या औषधाचे थेंब घातलेलं दूध प्यायचं, म्हणजे मन डुचमळत नाही. आणि मुख्य म्हणजे आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही. पुढ्यात लॅपटॉप उघडून ती दिवसभर पत्ते लावत बसे. लोकांना वाटे, शेवाळेताईंचं हिशेब तपासण्याचं काम आहे.

कुलथे स्वतः कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसायचा. त्या खोलीची हवा वेगळी होती. निर्णय घेणाऱ्याने गुंगून चालत नाही, असं तो म्हणायचा. मिठाईवाला स्वतःच्या दुकानातलं खात नाही, त्यातलाच प्रकार.

हे सगळं ओकारी आणणारं होतं खरं, पण लोक बरे होत होते हेही खरंच होतं. ओवी नावाची चोवीस वर्षांची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिचे वडील आठवडाभर बाहेर पायरीवर बसून होते, कारण सात महिने ती खोलीबाहेर पडली नव्हती. परदेशातल्या लोकांच्या धुलाईयंत्रांच्या तक्रारी ती ऐकून घ्यायची. आता ती रोज स्वतःची गाडी चालवत यायची आणि प्रणिताशेजारची खुर्ची धरायची. तांबोळी सर निवृत्त शिक्षक, कुठल्याशा विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायचे. बायको गेल्यापासून त्यांचा हात थरथरायचा, तो थांबला होता. संध्याकाळी निघताना हे सगळे तिच्या खुर्चीशी क्षणभर थबकायचे. "येतो हं ताई." "येते, ताई." अडतीस जण, अडतीस वेळा.

ही माया आपल्यावर आहे की आपल्या घामावर, हे मात्र प्रणिताला कधी कळलं नाही. एकदा तिने ते अक्काला विचारलं.

सुनंदाअक्का तिची थोरली बहीण. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होती. चोवीस वर्षांपूर्वी नवरा सोडून आलेल्या प्रणिताला तिने एका शब्दाने काही न विचारता घरात घेतलं होतं, आणि तेव्हापासून दोघी एकाच छपराखाली राहत होत्या. अक्काच्या मते प्रणिता जन्मतः शांत वगैरे काही नव्हती. अक्का सगळी भांडणं स्वतःच भांडायची, त्यामुळे हिला शांत राहायची चैन परवडली, एवढंच. प्रश्न ऐकून अक्काने भाकरी थापायचा हात थांबवला.

"आगं, तान्हं पोर आईला बिलगून झोपतं, ते काय आईचं भाषण ऐकून? अंगाच्या वासानंच झोपतं. सोबत अशीच असतीया." मग ती थोडं थांबून म्हणाली, "पण आई कुणाला कुशीत घ्यायचं ते तिचं ती ठरवती. तुझं कोण ठरवतंय?"

प्रणिता ताटं मांडायला उठली. थेंबांनी एक बरं केलं होतं, असले प्रश्न फार वेळ बोचत नसत.

त्या मंगळवारी सकाळी अक्काने लसणाची चटणी कुटली होती. घरभर घमघमाट. घास पुढे करून ती म्हणाली, "खा की एवढा. तुझ्या त्या कापसाला काय सर्दी हुतीया?" प्रणिता हसली, मान फिरवली आणि चपला घालू लागली. कापूस खोटं बोलत नाही, लसूण खाल्ला की त्यात दिसतोच. "जाते मी," ती घाईत बोलून गेली. अक्काने नेहमीसारखं टोकलं, की जाते म्हणू नये, येते म्हणावं, हजार वेळा सांगितलं. प्रणिता जिन्यातून "येते" म्हणाली.

तो दिवस केंद्रात फार छान गेला. दुपारचं दूध कुलथेने स्वतः आणून दिलं, नेहमी तो शिपायाबरोबर पाठवायचा. थेंब आज जरा जास्त घातलेत, तुम्ही दमलेल्या दिसता, असं म्हणाला. प्रणिताला बरं वाटलं. साडेतीनच्या सुमाराला ओवीने धुलाईयंत्रात दात धुवायला टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा किस्सा सांगितला आणि प्रणिता इतकी हसली, की तांबोळी सरांनीही मान वर करून बघितलं.

सहाला सगळे "येतो" म्हणून गेले. तिने पट्ट्या काढून दिल्या. कुलथेने कापूस तोलला, आकडा पाहिला, डबीचं झाकण नीट लावलं आणि मग तिला बसायला सांगितलं.

अक्का सव्वाअकराला स्वयंपाकघरात कोसळली होती. शेजारच्या नाझरेकाकूंनी दवाखान्यात नेलं, केंद्रात तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा कुलथेने उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाला, सांगतो. करारात तसं कलम होतं, मन अस्वस्थ करणारा निरोप योग्य वेळी दिला जाईल. प्रणिताने त्यावर सही केली होती. योग्य वेळ म्हणजे सहा.

अक्का पावणेचारला गेली होती.

नाझरेकाकूंनी दवाखान्यात तिला जवळ घेतलं आणि सांगून टाकलं, सांगायला नको होतं तरी. अक्का शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची आणि एवढंच विचारायची, "पनू आली का?" काकू म्हणायच्या, निघालीय, रस्त्यात आहे. साडेचार तास प्रणिता रस्त्यात होती. केंद्रापासून दवाखाना दहा मिनिटांवर होता.

अक्का तिची वाट बघत होती तेव्हा ती हसत होती. आणि नुसती हसत नव्हती, अडतीस जणांना आपल्या अंगातून शांतता वाटत होती. दुसऱ्या दिवशी, स्मशानातून परतल्यावर, फोनवर कंपनीचा निरोप आला होता. काल कराड केंद्राची नोंद वर्षातली सर्वोत्तम होती, अभिनंदन. खाली टाळ्या वाजवणारे दोन हात. प्रणिता मोरीत गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली.

पण रडू येईना. दोन वर्षांच्या थेंबांनी आत काहीतरी घट्ट बसवून टाकलं होतं. काकूंनी कडू घासाचं पिठलं-भात आणून दिलं, दोन दिवस शेजारी येऊन बसल्या. त्यांच्याशिवाय भेटायला कोणी आलं नाही. अक्का असती तर तिने गावाला शिव्या घातल्या असत्या. तिच्या लेखी दुःखाच्या घरी जायचे नियम साधे होते. जायचं, बसायचं, बोलायला काही नसलं तर गप्प बसायचं, आणि उठताना येतो म्हणायचं नाही, मुकाट उठून चालायला लागायचं. इथे इमारतीतल्या सोळा दारांमधून सोळा जोडलेले हात फोनवर आले. बंगळूरच्या भाच्याने पडद्यावर शोकसभा ठेवली. वीस मिनिटांची. सगळ्यांनी आवाज बंद ठेवावा, अशी सूचना होती. एकजण कॅमेरा चालू ठेवून जेवत होता, हे तिला दिसलं. माणसं अशी कशी झाली, याची तिला शिसारी आली, आणि मग आठवलं की आपणही गेली दोन वर्षं पगार घेऊन हेच करत आलो. ज्या सोबतीला माणसाने आपणहून उठून जायचं असतं, ती आपण पंख्याने वाटत होतो.

चौथ्या दिवशी कुलथेचा फोन आला. आवाजात मध. दुःख मोठं आहे, सोबती हे एक कुटुंब आहे, वगैरे झाल्यावर तो मुद्द्यावर आला. बदली विरजण साताऱ्याहून आणलं होतं, पण ते दालनाला मानवेना. तांबोळी सरांचा हात पुन्हा थरथरतोय. ओवी काल आली, तासाभरात घरी गेली. "तुम्ही नुसतं येऊन बसा, ताई. थेंब वाढवू. काही जाणवणारसुद्धा नाही."

प्रणिता म्हणाली, सुतक आहे, दहा दिवस कुणाच्या घरी जाता येत नाही. कुलथे हसला. अहो, हे घर थोडंच आहे, म्हणाला, ऑफिस आहे. आणि तुम्हाला काय झालंय हे तिथे कुणाला माहीतही नाही.

तो कुटुंब म्हणाला होता, त्याला एक मिनिटही झालं नव्हतं.

फोन ठेवून ती भिंतीला टेकून बसली. थेंब न घेता गेलं तर काय होईल? घाबरलेल्याचा घाम दालन नासवतो, हे तिला शिकवलेलं होतं. नासलं तर कुलथेचं काय जाणार होतं? जाणार होतं ओवीचं. त्या पोरीला पुन्हा खोलीत कोंडायचं पाप तिला नको होतं. पण ती स्वतःला तपासत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण घाबरलेलो मुळीच नाही. आपलं माणूस गेलंय. भीती माणसाला पळवते. दुःखाला कुणीतरी जवळ यायला हवं असतं. या दोन घामांत फरक असणार. कंपनीने तो कधी मोजला नव्हता, कारण दुःख झालेल्या माणसाला तिने कधी खुर्चीवर बसूच दिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी प्रणिताने बरणी काढली. अक्काची लसणाची चटणी. काकूंनी दिलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तिने ती बोटं चाटून खाल्ली. तिखटाने डोळे भरले, पण ते पाणी तिखटाचं होतं.

पट्ट्या लावून घेताना कुलथे मास्क घालून होता. साताऱ्याच्या विरजणाने सावध झाला असावा. त्याने दूध हातात दिलं आणि फोन वाजला म्हणून काचेच्या खोलीत पळाला. प्रणिताने ते कोपऱ्यातल्या कुंडीत ओतलं आणि खुर्चीवर जाऊन बसली. मागे पंखा सुरू झाला.

तासभर काहीच घडलं नाही. ओवी आली होती, रोडावलेली, कानाला यंत्र लावून कुणाच्या तरी तक्रारीला हो हो म्हणत होती. मग प्रणिताची नजर समोरच्या आरशात गेली. केस विंचरायचे राहिले होते, कपाळावर आठी पडली होती, आणि आरशातून अक्का बघत होती. तिकीट न काढणाऱ्याकडे बघावं तशी. प्रणिताच्या बरगडीखाली काहीतरी हललं. आधी पाठ भिजली, मग काखा, मग मान. रडणं डोळ्यांतून यायच्या आधी अंगभर फुटलं.

पंखा आपलं काम इमानाने करत होता.

सगळ्यात आधी ओवीचं हो हो थांबलं. तिने कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. तांबोळी सरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. प्रणिताने ओवीकडे बघितलं, जीव मुठीत धरून, कारण पोरगी उठून दाराकडे धावली असती तर सगळा गुन्हा हिचा होता. ओवी उठली. दाराकडे गेली नाही. खुर्ची ओढत आली आणि प्रणिताला खांदा लागेल इतक्या जवळ बसली. काय झालं, तिने विचारलं नाही. मग तांबोळी सर आले. मग एकेक करत खुर्च्या सरकू लागल्या. अर्ध्या तासात अडतीस माणसं मधोमध येऊन बसली, कुणाचे डोळे वाहत होते, कुणाचे कोरडे. बोलत कुणीच नव्हतं. दालनभर लसणाचा वास होता, आणि त्याचंही कुणाला काही वाटत नव्हतं.

काचेपलीकडे कुलथे दालनातली हवा मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे बघत उभा होता. त्याला भीतीची रेघ ओळखता यायची, शांततेचीही. ही कुठलीच नव्हती. तो मास्क दाबून बाहेर आला आणि पंख्याच्या बटणाकडे वाकला. तांबोळी सरांनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत नव्हता.

"राहू द्या," ते म्हणाले. "बसू द्या आम्हाला."

प्रणिता मनसोक्त रडली. पाच दिवसांचं, साडेचार तासांचं, आणि अक्काच्या हातच्या त्या न खाल्लेल्या घासाचं.

जेवणाची वेळ झाली तशी माणसं उठू लागली. आधी तांबोळी सर. त्यांनी पिशवी उचलली, तिच्यापुढे क्षणभर थांबले, मान किंचित लववली आणि मुकाट निघून गेले. त्यांच्यामागे मागच्या रांगेतले. मग बाकीचे. ओवीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, ओला हात न पुसता दाराबाहेर पडली. प्रणिता बघत राहिली. कुणाला कोणी काही सांगितलं नव्हतं. अडतीस जणांना एवढंच माहीत होतं, की ताई तीन दिवस आल्या नव्हत्या. पण रोज न चुकता येतो म्हणणाऱ्या त्या अडतीस तोंडांपैकी एकानेही आज येतो म्हटलं नाही.

अक्काचं घर भरून गेलं होतं.

रिकाम्या दालनात कुलथे मास्कआडून तिच्याकडे बघत होता. आजचं जे झालं ते झालं, तो म्हणाला, कंपनीला आपण यंत्राचा बिघाड कळवू. मग घसा खाकरून, अंदाज घेत त्याने विचारलं, "उद्या येताय ना, ताई?"

प्रणिताने पडदाबिडदा न बघता काखेतल्या पट्ट्या ओढून काढल्या. भिजून जड झाल्या होत्या. काचेच्या खोलीत जाऊन तिने त्या त्याच्या स्वच्छ टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवल्या, पेटीतून आपला फोन घेतला आणि बाहेर पडताना खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. जिन्याशी येऊन ती वळली.

"जाते मी," ती म्हणाली.